मिरवणुकीतली रुग्णवाहिका

आमच्या वरच्या घरात रोज संध्याकाळी काहीतरी कुटलं जायचं. ग्योतोकुच्या त्या दान्चीत, म्हणजे भाड्याच्या घरांच्या जुन्या वसाहतीत, वर कुणी खुर्ची सरकवली तरी खाली कळायचं, आणि इथं तर लाकडी उखळात चक्क मुसळ पडत होतं. उखळाखाली जाड गादी घातलेली असायची, तरी आमच्या दिव्याची काच थरथरायची. मग लिफ्टजवळ एक सूचना लागली : 'आवाजाच्या बाबतीत आपण सर्वांनी एकमेकांचा विचार करू या.' खाली नाव नाही, वर नाव नाही. जपानी शेजारी रागावला की असा सर्वांना उद्देशून रागावतो. आईला मात्र तो आवाज आवडायचा. बाबा ऑफिसला, मी शाळेत, आणि तिच्याशी मराठीत बोलायला फक्त भिंती, अशा त्या दिवसांत वर कुणीतरी कुटतंय एवढ्यानंही तिला बरं वाटायचं. एकदा शेंगदाणे परतल्याचा वास जिन्यातून खाली आला तेव्हा ती सरळ वर गेली आणि येताना वाटीभर रस्सा घेऊन आली. लालसर तेल, भरपूर मिरची, दाण्याचं कूट. बाबांनी चाखून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ही तर आपली दाण्याची आमटी. फक्त कोंबडी पडलीय तीत."

वर जोसेफकाका राहायचे, त्यांची मुलगी एस्थर, आणि जोसेफकाकांचे धंद्यातले भागीदार डॅनियलकाका. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशातून आलेली ही माणसं. देशाचं नाव मी लिहीत नाही. त्या देशातली माणसं माझ्या ओळखीची आहेत, आणि नाव वाचलं की लोक देशाविषयीच बोलत बसतात. चिबाच्या आतल्या भागात, शेतांच्या मधोमध, दोघांचं एक वाहनांचं आवार होतं. जुन्या जपानी गाड्या लिलावात घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि बोटीनं मायदेशी पाठवायच्या. यंत्राचं सगळं जोसेफकाका बघायचे, बंदरातलं सगळं डॅनियलकाका. जोसेफकाका त्यांच्या देशाच्या उत्तरेकडचे, डॅनियलकाका किनाऱ्यावरचे. यात काही विशेष आहे हे मला कित्येक दिवस कळलंच नव्हतं. ते दोघं आणि एस्थर एकाच मोठ्या वाडग्यातून हातानं जेवायचे. आईला, जिच्या स्वयंपाकघरात उष्ट्याखरकट्याचे कायदे जपानच्या कचऱ्याच्या नियमांहून कडक होते, ते बघवत नसे. पण ती तोंड मिटून होती, कारण भूकंपानंतर याच दोघांनी आमची तहान भागवली होती.

त्या भूकंपात आमच्या भागातली जमीन भिजल्यासारखी झाली, रस्त्यांतून वाळू वर आली आणि नळ कोरडे पडले. ओळखीची भारतीय बिऱ्हाडं मिळेल त्या विमानानं निघून गेली. बाबांची मुंबईची कंपनी 'थांबा' म्हणाली म्हणून आम्ही थांबलो. तेव्हा हे दोघं आवारातला ट्रक घेऊन कुठून कुठून पाण्याचे पिंप भरून आणायचे आणि म्हाताऱ्या जपानी बायकांच्या दारापर्यंत बादल्या पोचवायचे. त्यानंतर लिफ्टजवळची सूचना कुणीतरी गुपचूप काढून टाकली. एस्थर आणि मी एकाच शाळेत, एकाच वयाच्या, आणि दोघी आपापसात जपानीतच बोलायचो. तिची माझ्या आईशी भाषा मात्र हातवाऱ्यांची आणि 'काकू' या एका शब्दाची. हा शब्द ती इतक्या निरनिराळ्या सुरांत म्हणायची की आईला त्यातून भूक, परीक्षा आणि पोटदुखी सगळं समजायचं.

रविवारी दोन्ही काका आमच्याकडे चहाला यायचे आणि बाबांबरोबर राजकारण निघायचं. मी ते अर्धं ऐकायचे, अर्धं सोडायचे. आता या वयात त्यातलं बरंच आठवतं, कदाचित पुढं जे झालं त्यामुळे. त्यांच्याकडे निवडणुका वेळेवर होत. लोक पहाटेपासून रांगेत उभे राहत, बोटाला शाई लागे, परदेशी पाहुणे येऊन छान झालं म्हणून सांगत. "आणि मग?" बाबा विचारायचे. "मग जो जिंकतो तो त्याच्या माणसांचा," जोसेफकाका म्हणायचे. "किनाऱ्यावरचे जिंकले की बंदर, पोलीस, रेडिओ, सगळीकडे किनाऱ्यावरचे. आमचे जिंकले तेव्हा आमच्यांनी तेच केलं. रस्ता कागदावर होतो, पैसे खाल्ले जातात, आणि खाणारा आपला आहे म्हणून लोक टाळ्या वाजवतात." बाबांना हे सगळं फार ओळखीचं वाटायचं. ते आपल्याकडच्या जातींचं, तिकीटवाटपाचं सांगायला लागत आणि तिघं अगदी रंगात येत. डॅनियलकाका थट्टेखोर. म्हणायचे, "सबनीस-सान, म्हणून तर आम्ही इथं सुखी आहोत. इथल्या पोलिसाला उत्तर-दक्षिण काही कळत नाही. तो आम्हा दोघांनाही सारखंच थांबवतो आणि सारखंच कार्ड मागतो."

जोसेफकाकांची बायको गावाकडे बाळंतपणात गेली होती. रात्री कळा सुरू झाल्या, इस्पितळ लांब, आणि वाटेत मोटरसायकलच्या मागच्या सीटवर तिचा आणि बाळाचा जीव गेला. त्यानंतर ते लहानग्या एस्थरला घेऊन जपानला आले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आपल्या जिल्ह्याला एक रुग्णवाहिका द्यायची. एका खासगी इस्पितळानं मोडीत काढलेली गाडी त्यांना लिलावात मिळाली. बाबांनी ही गोष्ट आमच्या मराठी मंडळात सांगितली आणि मंडळ पेटलं. गणपतीत वर्गणी निघाली. पुण्याचे सॉफ्टवेअरवाले, मुंबईचे बँकवाले, सगळ्यांनी हात सैल सोडला. आमची माणसं कद्रू नाहीत, हे मी त्यांच्यावर चिडलेली असतानाही म्हणेन. फक्त दिलेल्या वस्तूवर नाव घातल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. देवळातला पंखा असो, बागेतलं बाकडं असो, लग्नातलं स्टीलचं पातेलं असो, कुणी दिलं ते त्यावर हवंच. त्यामुळे रुग्णवाहिकेच्या दोन्ही दारांवर, सुवाच्य अक्षर असलेल्या एका इंजिनिअरानं भगव्या रंगात लिहिलं, 'सप्रेम भेट', आणि खाली मंडळाचं नाव.

जोसेफकाका हाताला ग्रीस लागलेलं तसंच बाजूला उभे होते. "काय लिहिलंय?"

"प्रेमानं दिलेली भेट," बाबा म्हणाले.

"ते तिथं कुणाला वाचता येणार नाही."

"नको येऊ दे. असावं लागतं."

जोसेफकाका हसले. त्यांनी ती गाडी अशी पुसली होती की तिच्यात चेहरा दिसत होता. बंदरातून ती सोडवायचं काम डॅनियलकाकांच्या मेव्हण्याकडे होतं. हा मेव्हणा सत्ताधारी पक्षाचा त्या भागातला मोठा माणूस, बंदरात त्याचा शब्द चालायचा. आवारातून पक्षाला काही मिनीबस अगदी पडत्या भावात द्यायच्या आणि बदल्यात रुग्णवाहिका न अडवता उत्तरेला जाऊ द्यायची, असं ठरलं होतं. बाबांना यात काही वावगं वाटलं नाही. "सगळीकडे असंच असतं," ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. गाडी बोटीवर चढली तेव्हा मंडळानं नारळ फोडला. योकोहामाच्या गोदीतल्या कामगारांनी करवंटीचे तुकडे मुकाट्यानं वेगवेगळ्या पिशव्यांत गोळा केले.

त्यानंतरच्या उन्हाळी सुट्टीत एस्थर आजीला भेटायला गेली. निवडणूक तोंडावर होती, पण तिकीट आधीच काढलेलं, आजी थकलेली, आणि निवडणुका तर दर वेळी होतातच. गावाला ती सुखरूप पोचली. आजीनं तिला ओळखायला वेळ लावला, शेळीनं तिच्या वहीची पानं खाल्ली, असलं सगळं ती मला फोनवर लिहायची. परत येताना किनाऱ्यावरच्या शहरात विमानाची वाट बघत ती डॅनियलकाकांच्या बहिणीकडे, लिडियाआत्याकडे उतरली. म्हणजे त्याच मेव्हण्याच्या घरी. तेवढ्यात निकाल लागला. किनाऱ्यावरचा पक्ष जिंकला, उत्तरेकडचे म्हणाले मतपेट्या बदलल्या, आणि त्या शहरात उत्तरेकडच्यांची दुकानं फुटायला लागली. जोसेफकाका दोन दिवसांत वाळले. डॅनियलकाका त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "त्या शहरात तिला माझ्या बहिणीच्या घराहून सुरक्षित घर नाही. मेव्हण्याच्या दाराला कुणी हात लावणार नाही." आणि तेही खरंच होतं. एस्थर त्या घरात होती तोवर तिला धोका नव्हता.

रविवारी सकाळी उठले तर माझ्या फोनवर एस्थरचा व्हिडिओ येऊन पडला होता. घराच्या गच्चीवरून काढलेला. खाली विजयाची मिरवणूक, ढोल, झेंडे, ट्रकवर नाचणारी माणसं. आणि मधोमध, टपावर भलेमोठे कर्णे बांधलेली, पक्षाच्या रंगाच्या पताका लावलेली आमची रुग्णवाहिका. दारावर 'सप्रेम भेट' अगदी स्पष्ट. एस्थरनं खाली जपानीत लिहिलं होतं, 'बघ, तुमची गाडी! काकूला दाखव!' ती जपानमध्ये वाढलेली मुलगी. ती गाडी आपल्या आजीच्या जिल्ह्यात असायला हवी होती हे तिच्या लक्षात आलं नाही, तिला फक्त ओळखीची अक्षरं दिसली. मी नाश्त्याच्या टेबलावर फोन पुढं केला. आईला आनंदानं रडू आलं. बाबांनी तो तीनदा पाहिला.

बाबांनी जे केलं ते कुठलाही मराठी माणूस करेल, असं आई पुढं आयुष्यभर म्हणत राहिली. आपल्याकडे मिरवणुकीत ज्याला पुढं काढतात त्याचा तो मान असतो. बाबांना त्या कर्ण्यांत, पताकांत, गर्दीत मानच दिसला. त्यांनी व्हिडिओ मंडळाच्या फेसबुक पानावर टाकला. आफ्रिकेच्या विजयी मिरवणुकीत आपल्या रुग्णवाहिकेला स्थान, असं मराठीत लिहिलं. आणि वर्गणी दिलेल्या जपानी शेजाऱ्यांनाही कळावं म्हणून खाली इंग्रजीत सगळं सविस्तर लिहिलं : ही गाडी उत्तरेकडच्या कुठल्या जिल्ह्याला भेट म्हणून दिली आहे, आणि तिथल्या कुणाच्या प्रयत्नानं. जोसेफकाकांचं पूर्ण नाव घातलं. चांगलं काम केलेल्याचं नाव घालावं, या भावनेनं घातलं.

मंडळातल्या लोकांनी फुलं आणि जोडलेले हात पाठवले. मग तोक्योत राहणाऱ्या त्यांच्या देशातल्या, उत्तरेकडच्या कुणीतरी ते इंग्रजी वाचलं. त्यांना त्यात मान दिसला नाही. त्यांना दिसलं, की आपल्या जिल्ह्याची रुग्णवाहिका चोरून ते लोक विजयाच्या मिरवणुकीत नाचवतायत, आणि जिल्ह्याचं नाव छापील समोर आहे. डॅनियलकाका जिन्यावरून धावत खाली आले तेव्हा आई भाजी परतत होती. त्यांच्या पायात चपला नव्हत्या.

"काढा ते! आत्ता काढा!" ते ओरडले. मी त्यांना ओरडताना तोवर कधी ऐकलं नव्हतं.

"का? काय झालं?" बाबा खरोखरच गोंधळले होते.

"ती माझ्या बहिणीची गच्ची आहे. त्या रस्त्यावरचं लहान पोरसुद्धा सांगेल, कुठून काढलंय ते. आणि त्या घरात उत्तरेकडची एकच मुलगी आहे."

बाबांनी लगेच पानावरून ते सगळं पुसलं. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुझ्या फोनवरचाही काढ. कुठंच राहायला नको." मी काढला. पण तोवर तो इथून तिथं जाऊन पोचला होता. लोकांनी कापून फक्त रुग्णवाहिका ठेवली होती, तेवढीच वारंवार फिरत होती. संध्याकाळपर्यंत तिकडच्या विरोधी पक्षाच्या रेडिओवर रुग्णवाहिकेची चोरी ही त्या दिवसाची मोठी बातमी झाली, आणि डॅनियलकाकांच्या मेव्हण्याचं नाव त्यात आलं. मेव्हण्याचा एकच फोन डॅनियलकाकांना आला. तो त्यांनी आमच्या बैठकीत उभ्यानं ऐकला. "तो म्हणतो, ही मुलगी माझ्या घरात बसून माझ्यावर हेरगिरी करते. तिला तो आता घरात ठेवणार नाही." त्यानंतर तिकडचा एकही फोन लागेना.

पुढचे दिवस जोसेफकाका आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले. वर एकटं बसवत नाही म्हणाले. ते बाबांना एक शब्द बोलले नाहीत. त्यांना जे बोलायचं होतं ते सगळं डॅनियलकाकांना ऐकावं लागलं. "तुझ्या माणसांनी माझ्या बायकोची गाडी खाल्ली." "तुझ्या माणसांनी माझ्या मुलीला रस्त्यावर काढलं." तुझी माणसं, तुझी माणसं. डॅनियलकाका एवढंच म्हणायचे, "लिडियाही माझ्या माणसांतलीच आहे." आई दोघांना एकाच वाडग्यात भात-आमटी द्यायची, तर जोसेफकाका आपली वाटी वेगळी मागून घ्यायचे. इतकी वर्षं जे आईच्या डोळ्यांना खुपलं होतं ते आता मोडलं, आणि त्या वाटीत वाढताना तिचा हात अडखळायचा. बाबा ऑफिसला जात होते, येत होते, दूतावासाला, विमान कंपनीला, एका मिशनच्या कार्यालयाला फोन करत होते. मी त्या काळात त्यांचा इतका राग केला की पुढं त्यांच्या म्हातारपणात मला त्यांच्याशी मऊ बोलायला शिकावं लागलं.

मिशनच्याच फोनवरून कळलं की एस्थर जिवंत आहे. नन बायकांच्या इस्पितळात आहे आणि त्या तिला विमानतळावर पोचवणार आहेत. जोसेफकाका टेबलावर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. डॅनियलकाकांनी विचारलं, "आणि लिडिया?" पलीकडच्या बाईंना माहीत नव्हतं.

जे झालं ते एस्थरनं नंतर मला सांगितलं, एकदाच, आमच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून. नवरा तिला बाहेर काढायला माणसं आणतोय हे कळल्यावर लिडियाआत्यानं आपल्या मुलीचा शाळेचा गणवेश एस्थरच्या अंगावर चढवला, तिचा हात धरला आणि मागच्या दारानं निघाली. मिशनचं इस्पितळ तिथून फार लांब नव्हतं. चौकात पक्षाच्या पोरांनी टायर जाळून रस्ता अडवला होता. आत्या म्हणाली, ही माझी मुलगी. ती त्याच वस्तीतली, त्या पोरांना आईच्या वयाची, त्यांच्याच भाषेत खडसावत होती. ते बाजूला होत होते. पण एकानं आत्याच्या मुलीला ओळखत असल्याचं सांगितलं, ही ती नव्हे म्हणाला. मग आत्यानं एस्थरला पुढं ढकललं आणि स्वतः मागं वळून रस्त्यात आडवी उभी राहिली. एस्थर चालत राहिली. पळू नकोस, असं आत्यानं सांगितलं होतं, म्हणून ती पळाली नाही. मागून आवाज येत होते. "मी वळून पाहिलं नाही," एस्थर म्हणाली.

लिडियाआत्याला तिच्या स्वतःच्याच लोकांनी मारलं. रेडिओवर मात्र सांगण्यात आलं की उत्तरेकडच्या गुंडांनी एका प्रतिष्ठित माणसाची बायको मारली. त्या बातमीनंतर उत्तरेकडच्यांच्या आणखी दोन वस्त्या जळाल्या. तिच्या अंत्ययात्रेत मंत्री आले, आणि नवऱ्याला काही महिन्यांनी बंदरात मोठं पद मिळालं. रुग्णवाहिका शेवटपर्यंत उत्तरेला गेली नाही. हे सगळं डॅनियलकाकांना इथं बसून कळत होतं. ते तिकडे गेले असते तर उत्तरेकडच्या पोरीसाठी बहिणीचा बळी देणारा म्हणून त्यांनाही कुणी सोडलं नसतं. ज्या दिवशी एस्थर नारिता विमानतळावर उतरली त्या दिवशी जोसेफकाकांनी त्यांना बरोबर येऊ दिलं. एस्थर वडिलांच्या आधी डॅनियलकाकांच्या गळ्यात पडली. पण ते दोघं पुन्हा एका घरात राहू शकले नाहीत. एकाला मुलगी परत मिळाली होती आणि ती कशाच्या बदल्यात मिळाली हे दोघांनाही माहीत होतं. जोसेफकाकांना आता त्यांच्या तोंडाकडे पाहवत नसे. आवार विकलं गेलं. बाबांनी मंडळ सोडलं, ते पुन्हा कधी कुठल्या मंडळात गेले नाहीत.

डॅनियलकाका कोबेला एका गोदामात कामाला जायला निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आमच्याकडे आले. दुपारची वेळ होती, आई चहा ठेवत होती. बाबा खुर्चीच्या काठावर बसले होते. माफी मागायचे शब्द त्यांनी अनेक दिवस जुळवले असणार, कारण ते फार नीट, फार लांब इंग्रजीत बोलले. डॅनियलकाकांनी ते मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

"सबनीस-सान, मी भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "तुम्हाला त्यात मान दिसला. मला ते समजतं. मला फक्त तो व्हिडिओ हवा होता."

"तो तर सगळीकडे फिरतोय," बाबा म्हणाले.

"लोकांकडे जो आहे तो कापलेला आहे. त्यात फक्त गाडी आहे. एस्थरचा फोन तिकडेच राहिला. तुमच्या पानावर त्या दिवशी सकाळी पूर्ण होता, मी एकदाच पाहिला. शेवटी कॅमेरा आत वळतो तेव्हा लिडिया दारात उभी आहे. एप्रन आहे, हात ओले आहेत, आणि ती एस्थरला म्हणते, ऊन फार आहे, आत ये. माझ्याकडे तिचे फोटो आहेत. आवाज कुठंच नाही."

आईनं गॅस बंद केला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग डॅनियलकाकांनीही पाहिलं. "तुझ्याकडे असेल ना?" त्यांनी विचारलं. "तुला तर तिनं स्वतः पाठवला होता."

मी मानेनंच नाही म्हटलं. कुठंच राहायला नको म्हणून आम्ही तो सगळीकडून पुसला होता.

"बरोबर केलंत," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं."